गढूळ पाण्याचा पाठ

चौथीच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल मी सांगितलं की तिला नीट दिसत नाही. तिला व्यवस्थित दिसत होतं. जे तिला दिसलं तेच मलाही दिसलं होतं. तरी मी तसं म्हणालो, आणि पाहुण्यांसमोर म्हणालो. नंतर ते खोटं बरेच दिवस तसंच चालू दिलं. हे आधी स्पष्ट सांगून टाकतो, कारण पुढे लिहिण्याच्या ओघात मी स्वतःची बाजू मांडायला लागेन. तशी मला सवय आहे.

पनवेलजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे मी शिकवतो. राहायला कामोठ्यात आहे. मूळचा घाटावरचा, नोकरीने इकडे आलो आणि राहिलो. शाळेच्या मागे गावाची जुनी वस्ती आहे. समोरच्या जमिनीवर पूर्वी भरतीचं पाणी यायचं. आता तिच्यावर भराव पडून ती रस्त्याच्याही वर गेली आहे. वर्गात अर्धी मुलं गावातल्या आगरी घरांतली. त्यांचे आजोबा मिठागरात काम करायचे. वडिलांचे डंपर आहेत नाहीतर जमिनीचे व्यवहार. उरलेली मुलं समोरच्या इमारतींच्या कामावर आलेल्या माणसांची.

दगड, माती आणि पाणी हा परिसर अभ्यासातला भाग शिकवायला मला आवडतो. त्यात फळ्याची गरज फारशी पडत नाही. पहिल्या दिवशी मी मुलांना विचारतो, माती येते कुठून? त्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलाने लगेच सांगितलं, "डंपरमधून." वर्ग हसला नाही. सगळ्यांना ते उत्तर बरोबरच वाटलं. मी म्हटलं, "आणि डंपरमध्ये कुठून येते?" तो म्हणाला, "ते माझ्या पप्पांना विचारावं लागंल."

मग मी विटांचे तुकडे आणतो. प्लास्टिकच्या बरणीत तुकडे आणि पाणी घालून झाकण लावायचं आणि बरणी वर्गभर फिरवायची. प्रत्येकाने मनसोक्त हलवायची. बरणी शेवटच्या बाकावर पोहोचेपर्यंत पाणी लाल होतं आणि तुकड्यांचे कोपरे जरासे बोथट होतात. नदी हेच करते, फक्त तिला भरपूर वेळ असतो, असं मी सांगतो. दुसऱ्या दिवशी बरणी हलवल्याशिवाय बघायची. खाली जाड कण, त्यावर बारीक, सगळ्यात वर पाणी. मुलं नाकं टेकवून बघतात. ज्या मुलीबद्दल मी लिहितोय ती यात सगळ्यांत पुढे असायची. अक्षर तिचं वाईट, पाढे कच्चे, पण बघायची फार बारकाईने. एकदा तिने दाखवलं की बरणीतल्या गाळाचा थर एका बाजूला जाड आहे आणि दुसऱ्या बाजूला पातळ. मला ते दिसलं नव्हतं. खिडकीची कड उतरती होती, एवढंच त्याचं कारण. मी तिला शाबासकी दिली होती. हेही मला आठवतं, आणि आठवलं की त्रास होतो.

डिसेंबरात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आमच्या शाळेत ठरली. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक जमतात, केंद्रप्रमुख येतात आणि यजमान शाळेतल्या एका शिक्षकाने आदर्श पाठ घ्यायचा असतो. बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, माझं नाव दिलं. विषय मीच निवडला. पाण्याने माती वाहून जाते आणि झाडांची मुळं तिला धरून ठेवतात. दोन ट्रे तिरके ठेवायचे, एकात नुसती माती, दुसऱ्यात गवत लावलेली माती. दोन्हींवर झारीने पाणी सोडायचं आणि खाली ग्लासात येणारं पाणी मुलांना दाखवायचं. उघड्या मातीखालचा ग्लास गढूळ होतो, गवताखालचा त्या मानाने स्वच्छ राहतो.

आता एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आदर्श पाठ आदल्या दिवशी करून घेतात. जवळजवळ सगळे घेतात, मीही घेतला. तोच पाठ, तीच मुलं, तेच प्रश्न. कोणी काय उत्तर द्यायचं ते साधारण ठरतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मुलं पटापट हात वर करतात आणि पाहुणे माना डोलावतात. त्या पाहुण्यांनीही आपापल्या शाळेत हेच केलेलं असतं, त्यामुळे कोणी काही विचारत नाही. आम्ही याला फसवणूक म्हणत नाही, तयारी म्हणतो.

आदल्या दिवशी प्रयोग अगदी छान झाला. खाडीकडची काळी माती आणली होती, ती भसाभस वाहिली. नळाजवळच्या हिरवळीची अख्खी लादी उचलून दुसऱ्या ट्रेत बसवली होती, तिच्याखालून जवळपास नितळ पाणी आलं. मुलांनी ओरडून उत्तरं दिली. ती मुलगी मात्र त्या दिवशी शाळेत नव्हती. तिच्या मामाच्या मुलाची हळद होती. इकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते, सगळं गाव जातं, दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामाच असतो. ही हळद दुसऱ्या गावात होती म्हणून बाकीची मुलं तरी आली.

ट्रे मी व्हरांड्यात ठेवून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर गवताचा ट्रे उपसलेला. गावात सुटलेल्या शेळ्या शाळेच्या आवारात येतात, त्यांतल्या एखादीने गवत मुळासकट ओढून खाल्लं होतं. उघड्या मातीचा ट्रे जागेवर होता, पण रात्रभर वाळून त्याची वीट झाली होती. माती बदलायची होती. वेळ नव्हता, गाड्या यायला लागल्या होत्या. मी कुंपणाकडे जाऊन खुरप्याने गवताचे चार ठोंब उपटले, ट्रेत भुसभुशीत माती टाकली आणि ठोंब त्यात खोचले. दुरून ते बरं दिसत होतं.

पाहुणे मागच्या भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसले. केंद्रप्रमुख मधोमध. मी बोलायला सुरुवात केली, बरणी दाखवली, गुळगुळीत दगड फिरवले. मग झारी उचलली. आधी उघड्या ट्रेवर पाणी सोडलं. वाळून कडक झालेल्या त्या मातीवरून ते काचेवरून घसरावं तसं घसरलं आणि ग्लासात आलं ते जवळजवळ स्वच्छ. मग गवताच्या ट्रेवर सोडलं. सकाळी खोचलेले ठोंब आडवे झाले, सैल माती त्यांच्याभोवतून सुटली आणि दुसरा ग्लास चहासारखा झाला.

मला ते दिसलं. दिसल्यावर मी काय केलं तेही मला नीट आठवतं. मी दोन्ही ग्लास हातात घेतले आणि बोटांनी झाकले.

"सांगा बरं, कोणत्या ट्रेतलं पाणी जास्त गढूळ?"

"उघड्या ट्रेतलं!" सगळा वर्ग.

"का?"

"कारण तिथं माती धरून ठेवायला मुळं नाहीत!"

मागे कोणीतरी "वा" म्हणालं. तेवढ्यात तिने हात वर केला. दुसऱ्या बाकावर होती. मी तिला विचारलं नाही, ती आपणहून उभी राहिली.

"सर, गवताचं पानी गढूल हाय. उघड्याचं साफ हाय."

मी म्हटलं, "नीट बघ."

तिने मान पुढे केली आणि नीट बघितलं. "हां सर. गवताचंच."

"काय म्हणतेय ती?" केंद्रप्रमुखांनी मागून विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

"काही नाही सर," मी म्हणालो. "तिला लांबचं नीट दिसत नाही. डोळ्यांचा त्रास आहे तिला."

ती उभीच होती. शेजारच्या बाकावरचा मुलगा मदत करावी म्हणून म्हणाला, "सर, ती काल नव्हती ना, हळदीला गेलेली." मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. एक शिक्षक म्हणाले, "मग बरोबर आहे, रात्रभर नाचली असेल, डोळे कसे उघडणार?" सगळे आणखी हसले. त्या हसण्यात माझी सुटका झाली. मी तिला बसायला सांगितलं आणि ग्लास तसेच व्हरांड्याबाहेर ओतून आलो, कोणी पुढे येऊन बघायच्या आत.

इथे थांबलं असतं तर मी कदाचित विसरून गेलो असतो. पण केंद्रप्रमुख मनाने चांगले गृहस्थ आहेत. चहा घेताना ते बाईंना म्हणाले, "त्या मुलीचे डोळे दाखवून घ्या. लहान वयात लक्ष दिलं नाही की पुढे अवघड होतं." बाईंनी त्याच आठवड्यात तिच्या आईला बोलावलं. मला वर्गातून बोलावून घेतलं. आई उभीच होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"सर, घरी तर ती सुईत दोरा ओवते," ती म्हणाली. "तुमच्या कसं ध्यानात आलं?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. हीच वेळ होती. मी म्हणालो, "फळ्यावरचं वाचताना थोडं जाणवलं. एकदा दाखवून घेतलेलं बरं."

पनवेलच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे, तिथे यंत्रावर नंबर काढून देतात. तिथल्या माणसाने सांगितलं की किंचित नंबर आहे, लावला तर चांगलंच. पुढच्या सोमवारी ती गुलाबी दांड्यांचा चष्मा लावून आली. मुलं दिवसभर तिला चष्मिष म्हणत होती. दोन दिवसांनी आईने तिच्याबरोबर डबा पाठवला. तांदळाच्या भाकऱ्या आणि परतलेला जवळा. "आई बोलली, सरांमुळं कललं," ती म्हणाली. मी डबा घेतला. भाकऱ्या खाल्ल्या. डबा धुऊन परत दिला.

चष्म्याने तिचं डोकं दुखायचं. पण माझी झोप गेली ती त्यामुळे नाही. ती आता काही सांगायच्या आधी शेजारच्या मुलीकडे बघायची. मी झाडाचं पान दाखवून विचारलं की कडा कशा आहेत, तर ती आधी शेजारणीच्या ओठांकडे बघायची आणि तिने "करवतीसारख्या" म्हटलं की मागून "करवतीसारख्या". पूर्वी तिचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा. आता तो सगळ्यांच्या हातांबरोबर जायचा, आणि तेवढाच वर. बाकीच्या कोणाला यात वावगं दिसलं नाही. उलट बाई म्हणाल्या की ती हल्ली शिस्तीत आली आहे.

जानेवारीच्या शेवटी आम्ही चौथीला कर्नाळ्याला नेलं. पक्षी बघायला म्हणून जातात, पण सकाळी उशीर झाला की पक्षी दिसत नाहीत. ते मला माहीत होतं, म्हणून मी मुलांना ओढ्याच्या पात्रात उतरवलं. पाणी आटून ठिकठिकाणी डबकी राहिली होती. दगडच दगड. मी म्हटलं, प्रत्येकाने असा एक दगड उचलायचा जो फार लांबून वाहत आलाय असं वाटतं. डंपरवाला मुलगा एक गोल गोटा घेऊन आला. "सर, हा बघा टकल्या." दुसरा म्हणाला, "तुझ्या आजाचं डोकं हाय ते, ठेव परत." मी सगळ्यांना हसू दिलं. मग काठावरच्या एका झाडाकडे नेलं. पावसाळ्यात ओढ्याने काठाची माती खाल्ली होती, झाडाची मुळं हवेत उघडी पडली होती, पण त्यांच्या मागची माती टिकून होती. बाजूला, जिथे झाड नव्हतं तिथे, काठ आतपर्यंत ढासळला होता. पुस्तकातली चित्रं असतात त्याहून चांगलं.

"इथं काय काय दिसतंय?" मी विचारलं. सगळी एकदम बोलायला लागली म्हणून मी तिला विचारलं. "तू सांग."

तिने झाडाकडे बघितलं नाही. शेजारची मुलगी लांब दगडांवर उड्या मारत होती. ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांग ना. काय दिसतंय तुला?"

"सर, आधी तुमी सांगा," ती म्हणाली. "मंग मला दिसंल."

ती रडकुंडीला आली नव्हती, रागावलीही नव्हती. एखादी सोय सांगावी तसं तिने सांगितलं. मी झाडाबद्दल सांगितलं. ती "हां, दिसलं" म्हणाली. परतीच्या बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती आणि मी दरवाज्याशी बसून ठरवत होतो की कोणाला, कधी, काय सांगायचं.

आधी बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकी लावली.

"सर, चष्म्याचा नंबर निघाला ना? मग झालं की. कशाला उकरून काढताय?"

"नंबर निघाला नसता तर?"

"पण निघाला." त्या परत खुर्चीत बसल्या. "पाठाची तयारी सगळेच करतात. तुम्ही वर्गात हे सांगाल आणि उद्या गावात म्हणतील, शाळेत सगळं पाठ करून घेतात."

"करूनच घेतो आपण."

"मी तुम्हाला अडवत नाही," बाई म्हणाल्या. "मला आधी सांगितलंत एवढं पुरे."

त्यांच्या बोलण्यावर मी आणखी काही दिवस काढले. त्यांच्यावर हे ढकलायचं नाही. मला थांबायला कारण हवं होतं, ते मिळालं.

शेवटी एका रविवारी मी कामोठ्याहून रिक्षाने गावात गेलो. घर जुन्या वस्तीत, पण वर दोन मजले नवे. आई अंगणात बसून बोंबील साफ करत होती. मुलगी क्लासला गेली होती. ते मला आधीच माहीत होतं, आणि मी ती वेळ मुद्दाम निवडली होती, हेही लिहून ठेवतो.

"बसा सर. चा टाकू?"

"नको. एक सांगायला आलोय." मी सगळं सांगितलं. शेळी, वाळलेली माती, झाकलेले ग्लास. मला वाटलं होतं मी लांबण लावेन, पण ते थोडक्यात संपलं.

तिचे हात चालूच होते. "म्हंजे तिचे डोले चांगले हायत."

"मला वाटतं, चांगले आहेत."

"आता परत तुमाला वाटतं." तिने एक बोंबील टोपल्यात टाकला. "मी रोज तिच्या मागं लागते, चष्मा लाव, चष्मा लाव. ती बोलते, आई, डोकं दुखतं. मी बोलते, सर काय येडे हायत?"

तिने पुढचा बोंबील उचलला.

"डबा पन दिला मी तुमाला."

"हो."

"खाल्लात?"

"खाल्ला."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "माफी माझ्याकडं नका मागू. माझं काय गेलंय? फार तर एक डबा. आधी मी तिला चांगल्या डाक्टरकडं नेते. तो काय बोलतो बघू. मंग तुमी वर्गात बोला. सगल्यांसमोर बसवलीत ना तिला? मंग सगल्यांसमोरच बोला. आन् हे तिच्या बापाला मी सांगेन, तुमी नका सांगू. तो मानूस तापट हाय."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चष्म्याची काही गरज नाही. ती चष्म्याशिवाय शाळेत आली. मला वाटलं होतं की आता सगळं पूर्वीसारखं होईल आणि मला कदाचित फार बोलावं लागणार नाही. तसं झालं नाही. पहिल्याच तासाला मी फळ्यावर काढलेल्या आकृतीबद्दल विचारलं आणि ती शेजारणीकडे वळली.

मधल्या सुट्टीनंतर मी पुस्तकं मिटायला सांगितली. टेबलाजवळ उभा राहिलो, मग उभं राहणं बरं वाटेना म्हणून पुढच्या बाकावर बसलो. मुलांना ते विचित्र वाटलं असावं. मी सांगितलं की पाहुणे आले होते त्या दिवशी गवताच्या ट्रेतलं पाणी जास्त गढूळ झालं होतं. ते मी बघितलं होतं. तुम्ही आदल्या दिवशीचं उत्तर दिलंत, कारण मीच ते तुमच्याकडून करून घेतलं होतं. एकटीने त्या दिवशीचं उत्तर दिलं.

डंपरवाल्या मुलाने हात वर केला. "मंग सर, झाडाची मुलं माती धरत नायत? पेपरात काय लिवायचं?"

"धरतात. पण त्यांना धरायला वेळ लागतो. मी गवत त्याच सकाळी खोचलं होतं. आदल्या दिवशीचं शेळीने खाल्लं."

"कोनाची शेली?" मागून कोणीतरी विचारलं, आणि वर्ग हसला. दोघा-तिघांनी शेळ्यांच्या मालकांची नावं घेतली. मी ते संपू दिलं.

ती हसली नव्हती. बाकावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "तुला आठवतं, तू काय म्हणाली होतीस?"

तिची मान शेजारणीकडे वळायला लागली. शेजारणीला ते आठवत नव्हतं. तिने खांदे उडवले. मग ही स्वतःच म्हणाली, अगदी हळू, "गवताचं गढूल हाय."

"बरोबर होतं ते," मी म्हणालो. "तुझे डोळे चांगले होते. पाहुण्यांसमोर माझा प्रयोग फसला, मला लाज वाटली, म्हणून तुला दिसत नाही असं मी खोटं सांगितलं. मग तुझ्या आईलाही तेच सांगितलं. तू खरं बोललीस आणि मी तुला खाली बसवलं. माझं चुकलं. मला माफ कर."